नवी चेन सारखी सुटते, खुळखुळते: दोष नेमका कुठे शोधायचा

घड्याळाला बाहेरून घेतलेली स्टीलची चेन लावली की पहिले काही दिवस मन खूश असतं. मग एके दिवशी हात झटकल्यावर बारीक खुळखुळ ऐकू येते. पुढे केस, म्हणजे घड्याळाचा धातूचा डबा, आणि चेन यांच्यामधली फट डोळ्यांत खुपायला लागते. आणि एक दिवस चेन एका बाजूने सुटते, घड्याळ हातातून निसटतं. दुरुस्तीवाला नवा स्प्रिंग बार, म्हणजे चेन घड्याळाला धरून ठेवणारी बारीक दांडी, घालून देतो, महिना-दीड महिना बरा जातो, पुन्हा तेच. हे दुष्टचक्र ज्यांच्या मागे लागलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्या मागे ते आठ महिने होतं.

माझं घड्याळ डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांच्या धाटणीचं, दोन लगांमधलं (केसच्या पायांमधलं) अंतर २२ मिमी. चेन देखणी होती, भरीव कड्यांची, हातात वजन जाणवणारी. पहिल्या दोन वेळा ती घरातच सुटली, तेव्हा मी स्प्रिंग बारला दोष दिला आणि नवे घातले. तिसऱ्या वेळी जिना उतरताना खांद्यावरच्या पिशवीचा बंद चेनमध्ये अडकला आणि सहाच्या बाजूने चेन सुटली. मनगट पोटाशी दाबून धरलं म्हणून घड्याळ वाचलं. त्या रात्री पहिल्यांदा बार भिंगाखाली धरला. टोकाच्या एकाच बाजूला चकाकणारा चपटा पट्टा घासून पडला होता. बाकीचं टोक तसंच मळकट. म्हणजे ते टोक लगच्या भोकात घट्ट बसलेलंच नव्हतं, एका कडेवर टेकून रोज घासत होतं.

मग डबीतून घड्याळासोबत आलेला मूळ बार काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून कॅलिपरने मोजले. मूळ बारचं अंग २.५ मिमी, टोक साधारण १.१ मिमी. चेनसोबत आलेल्या बारचं अंग १.८ आणि टोक ०.८. भोक केलेलं होतं जाड टोकासाठी आणि मी त्यात तीन वेळा बारीक टोक घालत होतो. बार नवा असो की जुना, त्याने काही फरक पडणार नव्हता.

सीकोच्या बऱ्याच डायव्हर घड्याळांत असे जाड बार असतात, एसकेएक्स००७ हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चेनच्या एंड लिंकमधली (केसला चिकटणाऱ्या पहिल्या कडीतली) नळी मात्र बहुधा १.८ च्या बारसाठी असते. २.५ चा बार तिच्यात शिरतच नाही. यावर उपाय आहे: अंग १.८ पण टोक १.१ असे बार मिळतात. मागताना फक्त ‘२२ चा बार द्या’ म्हणू नका. लांबी, अंगाची जाडी आणि टोकाची जाडी असे तीन आकडे सांगा.

शब्दांचा गोंधळ नको म्हणून एकदा सांगून ठेवतो. केसला वर दोन आणि खाली दोन असे जे पाय असतात ते लग. लगांच्या मध्ये बसणारी, केसला चिकटणारी चेनची पहिली कडी म्हणजे एंड लिंक. एंड लिंकच्या आरपार जाऊन दोन्ही लगांच्या भोकांत टोकं रोवणारी, आत स्प्रिंग असलेली बारीक नळी म्हणजे स्प्रिंग बार. आख्खं घड्याळ अशा दोन बारांवर तोललेलं असतं.

सुटणाऱ्या चेनची तपासणी

माझा अनुभव असा की दोष शोधताना सगळं एकदम जोडलेलं असेल तर काहीच कळत नाही. म्हणून चेन पूर्ण काढा आणि तीन पायऱ्यांनी परत जा.

पहिली पायरी, नुसता बार. चेन नाही, एंड लिंक नाही. बार दोन लगांमध्ये बसवा आणि चिमट्याने हलकेच पुढे-मागे हलवा. अगदी बारीक हालचाल चालते. पण बार डगमगताना डोळ्यांना दिसत असेल तर टोक बारीक आहे, किंवा भोक झिजून लांबट झालं आहे. दोन्हींतला फरक मूळ बार घालून बघितला की कळतो. मूळ बार घट्ट बसला तर टोकाचा प्रश्न, तोही डगमगला तर भोकाचा. भोक झिजलं असेल तर जाड टोकाचा बार हा पहिला उपाय. त्यानेही भागलं नाही तर काम घड्याळजीचं. घरी तिथे काही कोरायला जाऊ नका.

दुसरी पायरी, बार आणि सुटी एंड लिंक. बहुतेक चेनची एंड लिंक पिन किंवा स्क्रू काढून वेगळी करता येते. ती एकटीच लगांमध्ये बसवा. दोन्ही बाजूंनी ‘टिक्’ असा बारीक आवाज आला पाहिजे, बोटालाही तो जाणवतो. नुसता बार झकास बसत होता आणि एंड लिंकसोबत टिक् येत नाही, असं असेल तर एंड लिंकमधलं भोक आणि लगचं भोक एका रेषेत येत नाहीत. मग टोक भोकात शिरत नाही, त्याच्या तोंडाशी नुसतं टेकून राहतं. वरून सगळं बसल्यासारखं दिसतं, आणि ही स्थिती सगळ्यांत फसवी आहे. चेन दोन-चार दिवस टिकते आणि मग एखाद्या झटक्याने निघते. लग आरपार भोकांचे असतील तर बाहेरून भिंगाने बघा, टोकाचं तोंड भोकाच्या मधोमध दिसलं पाहिजे. एका बाजूला काळी चंद्रकोर दिसत असेल तर रेषा चुकलेली आहे.

तिसरी पायरी, पूर्ण चेन. खाली दुहेरी घडीचा टॉवेल पसरा, घड्याळ त्याच्यावर वीतभर उंचीवरच धरा. चेन सरळ ओढा, मग थोडी पिळा, मग एंड लिंक अंगठ्याने डावी-उजवीकडे ढकला. डावी-उजवी ढकलणं विसरू नका. सरळ ओढलं तर अर्धवट बसलेला बारही टिकतो. बाजूला ढकललं की त्याची स्प्रिंग दबते आणि आखूड पडणारं टोक भोकातून बाहेर येतं. इथे सुटणारी चेन टॉवेलवर सुटते, ते परवडलं.

लांबीबद्दल एक गोष्ट. २० चा बार म्हणजे २० मिमीच्या लगांसाठीचा बार. तो मोकळा सोडला की २० पेक्षा लांब भरतो, आणि तो जास्तीचा भागच दोन्हीकडे भोकांत शिरतो. २० च्या लगांत १८ चा बार ‘बसला’ असं वाटलं तरी टोकं जेमतेम कडेला अडकलेली असतात. घाईत दुसऱ्या पट्ट्यातला बार उचलून घातला की असं होतं.

खुळखुळ आणि फट

चेन सुटत नाही, फक्त आवाज करते, अशी तक्रार जास्त जणांची असते. यात आधी आवाज कुठून येतो ते पक्कं करा. एक एंड लिंक बोटांनी केसवर घट्ट दाबून धरा आणि घड्याळ हलवा. आवाज कमी झाला तर तो तिथला. मग दुसरी. दोन्ही दाबूनही आवाज येत असेल तर तो कड्यांचा किंवा लॉकचा. लॉकच्या आतल्या दुमडणाऱ्या पात्या खूप वाजतात आणि लोक उगाच एंड लिंकला शिव्या देतात.

आवाज एंड लिंकचाच असेल तर पहिला संशय बारच्या अंगाचा. नळी १.८ ची आणि बार १.५ चा असेल तर एंड लिंक त्याच्याभोवती झुलणारच. चामड्याच्या पट्ट्यात १.५ चे बार सहज चालतात, आणि तेच बार चेनला वापरल्याने खुळखुळ सुरू होते. बार बदलला की आवाज निम्म्याहून कमी झालेला मी दोन वेगवेगळ्या घड्याळांवर पाहिला आहे. यापेक्षा स्वस्त आणि सोपी दुरुस्ती नाही, म्हणून सुरुवात इथून करा.

दुसरा संशय बाकाचा. केसची कड गोल असते आणि एंड लिंकचं तोंड त्या गोलाईला जुळलं पाहिजे. ‘२० मिमी, सगळ्या घड्याळांना बसते’ अशी चेन २० मिमी रुंदीला बसते, गोलाईला बसेलच असं नाही. गोलाईइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे लगमधलं भोक केसच्या भिंतीपासून किती लांब आहे. हे अंतर प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. भोक भिंतीच्या जवळ असेल तर एंड लिंक भिंतीला घासते किंवा बसतच नाही. लांब असेल तर मध्ये फट पडते, आणि फट पडली की एंड लिंकला डोलायला जागा मिळते. त्यातून खुळखुळ आणि झीज दोन्ही आलं.

तपासायला साधा कागद पुरतो. एंड लिंक बसवा आणि केस व एंड लिंक यांच्या मधून लिहायच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. एक पदर अडखळत जात असेल तर उत्तम, कारण थोडी मोकळीक हवीच, नाहीतर धातूवर धातू घासून केसवर ओरखडे येतात. तीन-चार पदर सहज जात असतील तर ती एंड लिंक तुमच्या घड्याळासाठी केलेली नाही. फट फक्त मधे दिसत असेल आणि कडांना एंड लिंक टेकत असेल तर तिचा बाक केसपेक्षा जास्त खोल आहे. उलट असेल तर बाक जास्त सपाट आहे.

पत्रा दुमडून केलेली पोकळ एंड लिंक असेल तर ती लाकडाच्या पट्टीवर ठेवून हलक्या हाताने थोडी वाकवता येते, आणि जुन्या घड्याळांच्या बाबतीत घड्याळजी हे नेहमी करतात. भरीव एंड लिंक वाकत नाही, ती कानशीने घासावी लागते. घासायचं ठरवलंत तर मागची, केसकडची बाजू घासा, बारीक कानस वापरा आणि चार-पाच घासांनंतर बसवून बघत जा. दिसणारी बाजू सोडा आणि केसला कानस कधीही लावू नका. केस परत मिळत नाही, एंड लिंक मिळते. आणि हो, घासलेली चेन परत करता येत नाही, तेव्हा परत करायची मुदत हातात असताना कानस उचलू नका.

माझं प्रामाणिक मत सांगतो. तुमच्या मॉडेलसाठी खास केलेली एंड लिंक मिळत नसेल तर गोल तोंडाची ‘सर्वसाधारण’ एंड लिंक घेण्यापेक्षा सरळ तोंडाची चेन घ्या. तिच्यात फट राहते, पण ती एकसारखी असते आणि मुद्दाम ठेवलेली वाटते. मिलानीज जाळीची चेन तर अशीच लावायची असते. चुकलेल्या बाकाची फट मात्र रोज डोळ्यांना टोचत राहते.

निवडताना मोजायचं काय

लगांमधलं अंतर आधी मोजा. केसजवळ, आतल्या बाजूने, बार जिथे बसतो तिथेच. लग टोकाकडे थोडे उघडत गेलेले असतात, तिथे मोजलं तर आकडा चुकतो. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर कागदाची पट्टी घ्या आणि लगांच्या मध्ये सुरकुती न पडता पण हललीही नाही अशी बसेपर्यंत कातरत जा, मग ती पट्टी मोजा. नुसत्या फूटपट्टीने १९ आणि २० मधला फरक कळत नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. १८, २० आणि २२ ही नेहमीची मापं असली तरी १९ आणि २१ ची घड्याळं भरपूर आहेत. चामड्याचा २० चा पट्टा १९ मध्ये दाबून बसतो, स्टील दबत नाही. आणि १९ मध्ये १८ ची चेन घातली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी मोकळा राहतो, एंड लिंक बारवरून सरकत राहते आणि लगांच्या आतल्या भिंती घासते.

दुसरी मोजायची गोष्ट तुमचं मनगट, आणि इथे एंड लिंकचा प्रकार फार महत्त्वाचा ठरतो. काही एंड लिंकचा मधला तुकडा लगांच्या पुढे आलेला असतो, मग पुढची कडी त्याच्या टोकाला जोडली जाते. अशी चेन लगांच्या टोकापासून लगेच खाली वळत नाही, आधी थोडी आडवी जाते. बारीक मनगटावर त्यामुळे घड्याळ पुलासारखं दिसतं आणि दोन्ही बाजूंना हवा राहते. दुसऱ्या प्रकारात मधली खाच आत असते, पुढची कडी लगांच्या मध्येच बिजागरीसारखी वळते आणि चेन सरळ खाली पडते. मनगट बारीक असेल तर हाच प्रकार घ्या. चित्रात हा फरक पटकन दिसत नाही, म्हणून घड्याळ बाजूने दिसेल असा फोटो मागून घ्या.

चेन लॉककडे किती निमुळती होते तेही बघा. २० वरून १६ पर्यंत उतरणारी चेन हलकी आणि मऊ वाटते, २० वरून १८ वाली भरभक्कम. निमुळती न होणारी चेन टेबलावर लिहिताना मनगटाखाली बोचते. माझा कल १६ कडे आहे, पण जड डायव्हर घड्याळाला एवढं बारीक लॉक तोल सांभाळत नाही, हेही खरं.

कड्यांची घडण हा बराचसा आवडीचा भाग. ऑयस्टर धाटणीत तीन रुंद तुकडे असतात, जुबिलीत पाच. जुबिली रोलेक्सने १९४५ मध्ये डेटजस्टसोबत आणली, आणि लहान तुकड्यांमुळे ती मनगटाभोवती कापडासारखी पडते. तुकडे जास्त म्हणजे सांधे जास्त, मग वर्षांनुवर्षांच्या झिजेने ती ताणली गेल्यासारखी लांबते, हा तिचा तोटा. भरीव कडी, भरीव एंड लिंक आणि स्क्रू यांतलं एकच मिळत असेल तर मी भरीव एंड लिंक निवडेन.

धातूचं थोडक्यात. चांगल्या चेन ३१६एल या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. रोलेक्स वापरतं त्या ९०४एलची बरीच चर्चा होते, पण तुमच्या खुळखुळीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. टायटॅनियमची घनता सुमारे ४.५, स्टीलची सुमारे ८, म्हणून तशीच चेन टायटॅनियममध्ये जवळपास निम्म्या वजनाला येते. मात्र जड स्टीलच्या घड्याळाला ती लावली की डोकं जड आणि शेपूट हलकी असं होतं, घड्याळ मनगटावर बाहेरच्या बाजूला फिरत राहतं. रंगही जुळत नाही, टायटॅनियम जरा राखाडी दिसतं.

पिन बाहेर येते तेव्हा

चेन लगांपाशी टिकते पण कडीपाशी तुटते, असं असेल तर आधी तुमच्या कड्या कशाने जोडल्या आहेत ते ओळखा. आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले दिसले तर पिनचा प्रकार. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत घालताना बाणाच्या उलट दिशेने. चिरलेल्या टोकाची पिन असेल तर अखंड टोक आधी आत जातं, चिरलेलं टोक शेवटी. उलट घातली तरी ती जाते, फक्त पकड नीट धरत नाही आणि काही आठवड्यांनी कडेला तिचं टोक बोटाला लागायला लागतं.

काही चेनमध्ये पिन गुळगुळीत असते आणि तिला धरून ठेवते ती एक इवलीशी नळी, जिला कॉलर म्हणतात. पिन काढताना ही कॉलर आवाज न करता खाली पडते आणि ती होती हेच कळत नाही. लांबी तांदळाच्या दाण्याहून कमी. म्हणून कड्या काढायला बसाल तेव्हा खाली पांढरं कापड पसरा आणि कडी त्याच्यावरच हलवून बघा. कॉलर हरवली आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: पिन बोटाने आत सरकते. हातोडीचे हलके ठोके लागलेच पाहिजेत. बोटाने सरकलेली पिन बोटाशिवायही बाहेर येणार.

स्क्रूवाल्या कड्यांत स्क्रू ढिले होणं हा रोजचा आजार आहे. प्रत्येक वेळी कडी वाकते तेव्हा स्क्रूला थोडंसं फिरवलं जातं, त्यामुळे नुसतं जोरात आवळून काही होत नाही, उलट डोक्यावरची खाच खराब होते. स्क्रू काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल आणि घाम पुसून काढा, पूर्ण वाळू द्या आणि आट्यांवर टाचणीच्या टोकाएवढं लॉकटाइट २२२ लावा. हे स्क्रू पक्के करायचं गोंद जांभळं, कमी ताकदीचं आणि बारीक स्क्रूंसाठीचं आहे, नंतर साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटतं. लाल वापरू नका, तो स्क्रू पुढे उष्णता दिल्याशिवाय निघणार नाही. स्टेनलेस स्टीलवर हे गोंद हळू पकडतात, तेव्हा पूर्ण २४ तास चेन हातात घालू नका. लोक संध्याकाळी लावतात, सकाळी घालतात आणि गोंद काम करत नाही म्हणतात.

आणखी एक, स्क्रूचं डोकं आणि कडीची कड यांच्यावरून बारीक मार्करने एक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. रेघ चेनच्या कडेला असते, कुणाला दिसत नाही. दोन्ही बाजूंनी स्क्रू असलेल्या चेनला दोन स्क्रूड्रायव्हर लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. एकानेच प्रयत्न केला तर दोन्ही बाजू एकत्र फिरतात.

लॉक आणि माप

ढिली चेन हेसुद्धा सुटण्याचं कारण आहे, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चेन सैल असली की घड्याळ दिवसभर मनगटावर वर-खाली आपटतं आणि प्रत्येक आपटीचा धक्का स्प्रिंग बारच्या टोकांवर जातो. लॉक बंद असताना चेनखाली करंगळी जेमतेम सरकली पाहिजे. उन्हाळ्यात आणि व्यायामानंतर मनगट फुगतं, थंडीत आक्रसतं, म्हणून लॉकच्या कडेला तीन-चार भोकं असलेली किंवा बटण दाबून सरकवता येणारी जोडणी पाहूनच घ्या. फुलपाखरासारखं दोन्हीकडे उघडणारं लॉक दिसायला सुंदर, पण त्यात बऱ्याचदा ही सोय नसते आणि माप अर्ध्या कडीने चुकलं तर ते चुकलेलंच राहतं.

कड्या काढताना दोन्ही बाजूंनी सारख्या काढू नका. लॉक मनगटाच्या बरोबर मधोमध यायला पाहिजे, आणि बहुतेकांना त्यासाठी सहाच्या बाजूला बाराच्या बाजूपेक्षा एखादी कडी कमी ठेवावी लागते. आरशात बघा.

लॉक आपोआप उघडत असेल तर आधी ते धुवा. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, आतली पाती उघडून. घड्याळ पाणी सहन करणारं नसेल तर आधी चेन काढून घ्या. बिजागरीत साचलेली मळाची काळी लुबदी खटका पूर्ण बसू देत नाही. धुऊनही उघडत असेल आणि लॉक नुसत्या दाबाने बंद होणारं असेल तर त्याची पकड झिजली आहे. पाती किंचित वाकवून काही काळ चालतं. दोन बाजूंना बटणं असलेलं घडीव लॉक लावलं की हा प्रश्न संपतो, आणि बऱ्याच चेनला लॉक वेगळं बदलता येतं. फक्त शेवटच्या कडीची रुंदी मोजून घ्या.

खाज, पुरळ आणि ओढले जाणारे केस

चेनखाली खाज येत असेल तर निकेलचा विचार करा. ३१६एलमध्येही निकेल असतं, पण ते सहसा फार कमी बाहेर पडतं. अज्ञात मिश्रधातूच्या, वर नुसता मुलामा दिलेल्या चेनचा भरवसा नाही, मुलामा झिजला की खालचा धातू त्वचेला लागतो. युरोपीय संघात त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंमधून निकेल दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये असा नियम आहे, तेव्हा विकणारा या नियमाची पूर्तता लिहून देतो का ते विचारा. निकेलची ॲलर्जी पक्की माहीत असेल तर टायटॅनियमच घ्या. खाज फक्त लॉकखालीच असेल तर बरेचदा कारण अडकलेला साबण आणि ओलावा इतकंच निघतं. केस ओढले जात असतील तर दोष कड्यांमधल्या सैल सांध्यांचा किंवा दुमडलेल्या पत्र्याच्या कड्यांचा असतो, त्याला दुरुस्ती नाही.

कुठे हात घालू नये

काही घड्याळांमध्ये केस आणि चेन एकाच रेषेत घडवलेली असतात, वेगळे लग नसतातच. ऑडेमार्स पिगेच्या १९७२ च्या रॉयल ओक घड्याळापासून ही धाटणी रूढ झाली, आजच्या टिसॉ पीआरएक्ससारख्या घड्याळांतही तीच आहे. त्यांना २० किंवा २२ ची कुठलीही चेन लागत नाही. फक्त त्याच मॉडेलसाठी केलेली चेन किंवा मधला जोडतुकडा लागतो, आणि जोडतुकड्याने सांधे वाढतात, म्हणजे वर सांगितलेले दोष दुप्पट. अशा घड्याळाला मूळ चेनच बरी. जुन्या, पातळ लगांच्या घड्याळांनाही जड भरीव चेन लावू नका. त्यांची भोकं कड्यांच्या त्या वजनासाठी केलेली नसतात, त्यांना चामडं किंवा पोकळ कड्यांची हलकी चेन शोभतेही आणि सोसतेही.

माझ्या डायव्हरवर आता सरळ तोंडाची, २२ वरून १८ ला उतरणारी चेन आहे, बार १.८ अंगाचे आणि १.१ टोकाचे. आल्या दिवशी एकही कडी न काढता आधी सुटी एंड लिंक बसवून बघितली, दोन्ही टिक् ऐकले आणि मगच कड्या मोजायला घेतल्या. काढलेल्या कड्या, दोन जास्तीचे बार आणि मूळचे जाड बार एका छोट्या पाकिटात ठेवले आहेत, पाकिटावर तिन्ही मापं लिहून. दर दोन महिन्यांनी टॉवेल पसरतो आणि एंड लिंक डावी-उजवीकडे ढकलून बघतो. सतरा महिने झाले, अजून सुटली नाही.